पुण्याची आयटी की चिंचोळीचा कारखाना: कपात आली तर नव्याचं काय?

सोलापुरात इंजिनिअरिंग करून बाहेर पडलेल्या पोरापोरींपुढे हा पेच नेहमीचा आहे. पुण्याच्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर हातात असतं आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातूनही बोलावणं आलेलं असतं. पगाराची तुलना सगळेच करतात. पण नोकरकपात झाली तर आधी कोण जाणार, हे फारसं कुणी विचारत नाही. शिक्षणकर्जाचा हप्ता पहिल्या पगारावर अवलंबून असेल, तर तो प्रश्न पगाराच्याही आधी यायला हवा.

कारखान्यातला नियम नव्या माणसाच्या विरोधात जातो. शेवटी आला तो आधी जाणार, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कायम आहे. त्याच प्रकारच्या कामावर जुना माणूस ठेवून नव्याला काढलं तर नव्यालाच का निवडलं, याचं कारण मालकाला द्यावं लागत नाही. उलट केलं तर लेखी कारण नोंदवावं लागतं. पण एक वर्ष पार पडलं की चित्र बदलतं. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई, हा हक्क होतो. काढल्यापासून वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्याला आधी संधी द्यावी लागते. म्हणून कारखान्यात पहिलं वर्ष सगळ्यात कच्चं.

कपातीआधी सरकारची परवानगी घेण्याची अट आधी १०० कामगारांच्या कारखान्याला होती, आता ती ३०० ला आहे. अक्कलकोट रोडचे टॉवेल-चादरीचे बहुतेक कारखाने या आकड्याच्या कितीतरी खाली आहेत, तेव्हा तिथे या अटीचा आधार धरू नका. आणि कारखानाच बंद पडला तर ज्येष्ठताही कामाला येत नाही. १९६३ मध्ये सोलापूरची ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी बंद पडली तेव्हा नवा-जुना असा भेद उरला नव्हता, हे इथल्या घराघरांत माहीत आहे.

आयटीत हिशेब वेगळा. तिथे ज्येष्ठता बघत नाहीत, माणसाचा खर्च आणि हातातला प्रोजेक्ट बघतात. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, तेव्हा रोख मधल्या आणि वरच्या पदांवर होता. फ्रेशर स्वस्त पडतो, म्हणून अशा लाटेत तो बऱ्याचदा वाचतो. त्याला धोका दुसरीकडून येतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने म्हैसूरच्या केंद्रातून ३०० हून जास्त प्रशिक्षणार्थी कमी केले. अंतर्गत परीक्षेत तीनदा संधी देऊनही ते पास झाले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यातल्या अनेकांनी रुजू होण्यासाठीच दोन वर्षं वाट पाहिली होती. म्हणजे आयटीत नव्या माणसाने जपायचं ते जॉइनिंगची तारीख, ट्रेनिंगची परीक्षा आणि बेंचवरचे, म्हणजे प्रोजेक्टविना बसून काढायचे महिने यांना.

आयटीवाल्यांना कामगार कायदा लागूच होत नाही, हा समज सरसकट खरा नाही. हाताखाली कुणी नसलेला, तांत्रिक काम करणारा माणूस कामगार ठरू शकतो. फक्त ते सिद्ध करायला कामगार आयुक्तांकडे खेटे घालावे लागतात आणि तोवर पुण्यात वाकडच्या खोलीचं भाडं थांबत नाही. सोलापुरात नोकरी गेली तरी राहायला घर आणि दोन वेळचं जेवण असतं. माझ्या मते हा फरक पगाराच्या तुलनेत धरायलाच हवा.

तिसरा प्रकार या दोन्हींच्या पंक्तीत बसत नाही: कारखाना नावाजलेला, पण भरती कंत्राटदारामार्फत. ‘सहा महिन्यांनी रोलवर’, म्हणजे कारखान्याच्या थेट नोकरीत, ‘घेऊ’ हे तोंडी आश्वासन असतं. नेमणूकपत्राच्या वर कुणाचं नाव आहे आणि पहिल्या पगारानंतर पीएफ पासबुकात कोणती आस्थापना दिसते, ते बघा. तिथे कंत्राटदार असेल तर तुमचे २४० दिवस त्याच्या खात्यात भरतात, कारखान्याच्या नाही. अशा नोकरीसाठी पुण्याची लेखी ऑफर सोडू नका.

पत्र आलं की प्रोबेशनचं कलम दोनदा वाचा. मुदत सहा महिने लिहिली असेल आणि पुढे ‘गरजेनुसार वाढवता येईल’ असं असेल, तर किती वेळा वाढवणार ते ईमेलवर विचारा. नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का बघा. तुम्ही सोडताना ९० दिवस आणि कंपनीने काढताना १५, अशी पत्रंही असतात. बाँड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी सोडलं तर पैसे भरण्याचा करार, असेल तर कंपनीनेच काढल्यावर तो लागू होतो का, हेही लेखी घ्या.

घरात दुसरा कमावता असेल आणि जॉइनिंगची तारीख पक्की असेल, तर मी पुणे निवडेन. पहिला महिना अंगावर आला तरी पुढची नोकरी तिथेच लवकर मिळते. घर तुमच्यावरच चालणार असेल, तर कारखान्याच्या थेट रोलवर वर्ष भरून घ्या. आणि सध्या हातात एखादी नोकरी असेल, तर नव्या कंपनीचं तारखेसहित पत्र येईपर्यंत राजीनामा देऊ नका. ‘लवकरच कळवतो’ या ईमेलवर तर मुळीच नको.