मॅकिंटॉश एसई/३० : अकरा महिने रोज वापरल्यानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये सॅन होजेजवळच्या एका गराज सेलमध्ये ॲपलचा हा जुना संगणक, म्हणजे मॅक, मिळाला. विकणाऱ्याने "सुरू होतो" एवढंच सांगितलं होतं. घरी आणून मागचं बटण दाबलं, तर सुरू होतानाचा ओळखीचा सूर आलाच नाही आणि नऊ इंची पडद्यावर वरपासून खालपर्यंत आडव्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या उमटल्या. एसई/३० बाळगणारे याला 'सिमासिमॅक' म्हणतात. जपानीत शिमाशिमा म्हणजे पट्टेरी. या पट्ट्या बघून हा मॅक कुणी भंगारात टाकू नये म्हणून आधी त्याबद्दलच सांगतो. बहुतेक वेळा यात मशीन मेलेलं नसतं, कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) गळलेले असतात.

त्या काळच्या बोर्डांवर बसवलेले छोटे ॲल्युमिनियमचे कपॅसिटर वयाने पाझरतात आणि तो द्राव आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खात जातो. खोकं उघडायला लांब दांड्याचा, चांदणीच्या टोकाचा टी-१५ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागतो, कारण दोन स्क्रू मुठीच्या खोबणीत अगदी आत आहेत. पिक्चर ट्यूबच्या आसपास अनुभव नसताना हात घालू नका, बंद केल्यावरही तिथे जबर व्होल्टेज राहू शकतं. मी ते डिस्चार्ज करायचं काम जुन्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाशेजारी बसून शिकलो. कपॅसिटरला सोल्डरिंग आयर्न टेकवला की सुक्या मासळीसारखा वास येतो. तो आला म्हणजे द्राव गळलाय हे पक्कं. सगळे कपॅसिटर बदलले, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुतला, दोन दिवस वाळवला. तिसऱ्या दिवशी बटण दाबलं, तो सूर आला आणि करड्या पडद्यावर हसऱ्या मॅकचं छोटं चित्र दिसलं. त्या क्षणासाठी मी पुन्हा एवढीच मेहनत घेईन.

एसई/३० जानेवारी १९८९ मध्ये आला आणि ऑक्टोबर १९९१ पर्यंत विकला गेला. बाहेरून तो साध्या एसईसारखा दिसतो, पण आत १६ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर आणि आकडेमोडीसाठी वेगळी ६८८८२ चिप आहे. म्हणजे त्या वेळच्या मोठ्या मॅक टू एक्सची ताकद, मूठ धरून उचलता येणाऱ्या खोक्यात. आठ खाचांमध्ये मी ३२ एमबी रॅम घातली आहे. मूळ रॉममुळे (बोर्डावरच्या कायमच्या प्रोग्रामच्या चिपमुळे) त्यातली ८ एमबीच वापरता येते. उरलेली मिळवण्यासाठी कनेक्टिक्स कंपनीचा मोड३२ हा छोटा प्रोग्राम घालावा लागतो. ॲपलने १९९१ मध्ये त्याचे हक्क घेऊन तो सगळ्यांना फुकट दिला होता. जुनी हार्ड डिस्क काढून ब्लूएससीएसआय हा छोटा बोर्ड बसवला, त्यावरचं एसडी कार्डच आता डिस्क म्हणून चालतं. हार्ड डिस्कची घरघर गेली, पंख्याचा बारीक आवाज तेवढा राहिला.

सिस्टिम ७.१ या मॅकच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, राइटनाऊ या लेखनाच्या प्रोग्राममध्ये रोज रात्री तासभर लिहितो. डायरी, पत्रं, घरखर्च. दाबलेलं अक्षर बोट उचलायच्या आत पडद्यावर असतं. माझ्या ऑफिसच्या नव्या लॅपटॉपवरही ते इतकं हाताबरोबर येत नाही. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा आहे, ठिपका काळा किंवा पांढरा, मधली छटाच नाही. इंचाला ७२ ठिपके, त्यामुळे पडद्यावरची ओळ आणि कागदावरची ओळ एकाच मापाची. डोळ्यांना मात्र दीड तासानंतर ताण येतो, ट्यूब लुकलुकते हे मान्य करायलाच हवं. माउसच्या गोळीभोवती लोकर साचते, ती महिन्यातून एकदा काढावी लागते. इंटरनेटसाठी मी हा वापरत नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

मला खरं सांगायचंय ते यावरच्या मराठीबद्दल. या मशीनवर प्रत्येक ठिपक्यापर्यंत आपला हात पोचतो. रेसएडिट नावाचं ॲपलचंच साधन आहे, त्यात फॉन्ट उघडला की प्रत्येक अक्षर चौकटींच्या जाळ्यात दिसतं आणि माउसने एकेक चौकट काळी-पांढरी करता येते. हिवाळाभर मी त्यात १२ पॉइंटची देवनागरी काढली. शिरोरेषा एका ठिपक्याची. अक्षराच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवली नाही, की शेजारशेजारच्या शिरोरेषा आपोआप जुळतात. मात्रा, अनुस्वार, रफार यांची रुंदी शून्य, म्हणजे ते आधीच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतात. सगळ्यात जास्त दमवलं ळ ने. सात ठिपक्यांत दोन गोल बसवायचे. चार संध्याकाळी तो आडव्या इंग्रजी आठसारखाच दिसत होता. मग उजव्या गोलाचा खालचा एक ठिपका काढला आणि एकदम ळ झाला. मी मोठ्याने 'बाळ', 'फळ', 'आभाळ' असं वाचत बसलो.

कळांची मांडणी आईची आहे. ती पंचायत समितीत टंकलेखक होती, मराठी टंकलेखनाच्या, मिनिटाला तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा दिलेली. फोनवर विचारलं, "आई, टाइपरायटरवर घ कुठे होता गं?" तर म्हणाली, "थांब, बोटांना विचारते." आणि जेवणाच्या टेबलावर बोटं आपटल्याचा आवाज आला. टाइपरायटरवर ह्रस्व वेलांटी आधी आणि अक्षर नंतर, घ म्हणजे अर्धा घ आणि मग काना. या मॅकला लिपीतलं काही कळत नाही, तो आलेला ठिपक्यांचा तुकडा पुढे ठेवतो. म्हणून ती जुनी पद्धत इथे जशीच्या तशी चालली.

घ्यायचा असेल तर विकणाऱ्याकडे आतल्या बोर्डाचा फोटो मागा. आतली ३.६ व्होल्टची जुनी लिथियम बॅटरी दिसली, तर घरी आणल्या दिवशीच काढा. ती फुटली तर बोर्ड जातो. आणि फक्त कपाटावर मांडायला हवा असेल तर कृपा करून घेऊ नका, ज्यांना चालवायचाय त्यांच्यासाठी सोडा.

मे महिन्यात आई आली. खुर्ची पुढे ओढून बसली, कळांवर लिहिलेलं इंग्रजी एकदाही न बघता तिने साताऱ्याच्या मावशीला पत्र टाइप केलं : 'ती. ताईस, सा. न. वि. वि.' मी ते इमेजरायटर टू या ॲपलच्या जुन्या प्रिंटरवर छापलं. करकर करत कागद वर आला. तिने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "अरे, 'सर्व' मधला रफार डावीकडे पडतोय."

खरंच पडत होता. रेसएडिट उघडलं, रफार एक ठिपका उजवीकडे सरकवला आणि पत्र पुन्हा छापलं.