व्हॉट्सअ‍ॅप की सिग्नल : 'नाही' म्हणायची सोय कुठे आहे?

नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपनीला नीतीने वागता येतं का, हा प्रश्न तपासायला व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नल ही संदेश पाठवायच्या अ‍ॅप्सची जोडी फार सोयीची आहे. कारण दोघांचं कुलूप एकच आहे. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना आणि कॉलना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन लावलं, तेव्हा त्यांनी सिग्नलचाच प्रोटोकॉल, म्हणजे कुलूप लावायची पद्धत, घेतला. संदेश तुमच्या फोनवर बंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो. म्हणजे संदेशातला मजकूर वाटेत कोणी वाचू नये, एवढीच तुमची गरज असेल, तर दोन्हीपैकी कोणतंही चालेल.

एका माणसाचा हातही दोन्हींना लागलेला आहे. ब्रायन अ‍ॅक्टन यांनी जॅन कूम यांच्याबरोबर २००९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप काढलं. सुरुवातीच्या काळात त्यासाठी वर्षाला एक डॉलर पडायचा आणि जाहिराती नकोत हे तत्त्व त्यांनी जाहीरपणे लिहून ठेवलं होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना खरेदी जाहीर केली. अ‍ॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडले. पैसे कसे कमवायचे यावरून मतभेद झाले होते आणि हाती यायचे बाकी असलेले सुमारे ८५ कोटी डॉलरचे शेअर त्यांनी सोडून दिले. २०१८ मध्ये त्यांनीच पाच कोटी डॉलर घालून, आधीपासून असलेल्या सिग्नल अ‍ॅपसाठी सिग्नल फाउंडेशन उभं केलं. ही ना-नफा संस्था आहे, तिला भागधारक नाहीत. कुलूप तेच, संस्थापकांतला एक माणूसही तोच, बदलली ती मालकी. त्यामुळे वागण्यात जो फरक दिसतो, तो बराचसा मालकीचा आहे असं म्हणायला जागा आहे.

आधी व्हॉट्सअ‍ॅपच्या बाजूने. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० पासून खूपदा फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अ‍ॅपचा वापर कमी होईल असा निर्णय कंपनीने घेतला, हे खरं आहे. संदेशाचा मूळ पाठवणारा शोधून द्या, या सरकारी नियमाविरुद्धही कंपनी २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आणि मुळात शंभर कोटींहून अधिक लोकांच्या हातात, काही न शिकवता, एन्क्रिप्शन पोचवणं देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला आजवर जमलेलं नाही.

मग अडतं कुठे? माझ्या बाबतीत निर्णय एका गोष्टीवर झाला : 'नाही' म्हणायची सोय दर वेळी थोडी थोडी कमी होत गेली.

ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अटी बदलून फोन नंबर आणि वापराची काही माहिती फेसबुकला द्यायचं ठरवलं. जुन्या वापरकर्त्यांना एक टिक काढून नकार देता येत होता, पण फक्त ३० दिवस. नंतर तो पर्याय बंद झाला आणि त्यानंतर आलेल्यांना तो मिळालाच नाही. खरेदीच्या वेळी फेसबुकने युरोपियन कमिशनला (युरोपियन युनियनच्या कार्यकारी संस्थेला) सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीने जुळवणं शक्य नाही. ते २०१४ मध्येच शक्य होतं आणि फेसबुकच्या कर्मचाऱ्यांना ते ठाऊक होतं, असा निष्कर्ष काढून कमिशनने मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. जानेवारी २०२१ मध्ये नव्या अटी आल्या, तेव्हा टिकही नव्हती. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, एवढंच. ओरड झाल्यावर मुदत १५ मेपर्यंत वाढली. भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये या 'घ्या नाहीतर सोडा' पद्धतीबद्दल मेटाला (फेसबुक कंपनीचं आताचं नाव) २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात दंड कायम राहिला, पण जाहिरातींसाठी माहिती द्यायला घातलेली पाच वर्षांची बंदी उठली. त्याआधी २०२४ मध्येच भारतात मेटा एआय या मदतनीसाचं निळं वर्तुळ आलं होतं, तेही काढून टाकायची कळ न देता. जून २०२५ मध्ये 'अपडेट्स'मध्ये जाहिराती दाखवायची घोषणा झाली.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर सहन होण्यासारखी आहे. निळं वर्तुळ दुर्लक्षून रोजचं काम चालतं. पण क्रम पाहिला की एक रीत दिसते. जिथे वापरकर्त्याचा विश्वास आणि कंपनीचा धंदा एकाच बाजूला असतात, म्हणजे एन्क्रिप्शनच्या बाबतीत, तिथे कंपनी सरकारपुढेही ठाम उभी राहते. जिथे माहिती हाच उत्पन्नाचा मार्ग आहे, तिथे ती मागे सरकते. तिथली माणसं वाईट आहेत म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या मालकाला दर तिमाहीला वाढ दाखवावी लागते आणि संस्थापकांचा शब्द विक्रीबरोबर नव्या मालकावर बंधनकारक होत नाही.

संदेश कुलूपबंद असला, तरी तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोललात ही पाकिटावरची माहिती उरतेच. २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलकडे दोन नंबरांची माहिती न्यायालयीन आदेशाने मागितली गेली. एका नंबरावर खातंच नव्हतं. दुसऱ्याचं खातं कधी उघडलं आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच सिग्नलला देता आलं, कारण बाकी काही साठवलेलंच नव्हतं. संस्था उद्या बदलली, तरी न साठवलेली माहिती कोणाला विकता येणार नाही. माझा कल सिग्नलकडे आहे तो मुख्यतः यामुळे.

सिग्नलही निर्दोष नाही. एप्रिल २०२० पासून जवळपास वर्षभर त्यांनी सर्व्हरचा नवा कोड प्रसिद्धच केला नव्हता, आणि नंतर मोबाइलकॉइन हे कूटचलन (क्रिप्टोकरन्सी) अ‍ॅपमध्ये आणलं. खुलेपणाचा आग्रह धरणाऱ्या संस्थेला हे शोभलं नाही. खर्चाचा प्रश्न तर कायमचाच. २०२३ मध्ये त्यांनी स्वतः हिशेब मांडला : २०२५ पर्यंत वर्षाला सुमारे पाच कोटी डॉलर लागतील; नोंदणीच्या ओटीपी एसएमएसवरच तेव्हा वर्षाला ६० लाख डॉलर जात होते. सर्व्हरही मोठ्या कंपन्यांचेच भाड्याने घेतलेले. २० ऑक्टोबर २०२५ रोजी अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा कोलमडली, तेव्हा सिग्नलही बंद पडलं.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे तिथे माणसंच नसतात. सोसायटीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी, पुणे मेट्रोचं तिकीट, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. दुकान किंवा क्लास चालवत असाल, तर व्हॉट्सअ‍ॅप काढून टाका असा सल्ला मी देणार नाही. वकील, डॉक्टर, समुपदेशक किंवा कार्यकर्ते असाल, तर कोण कोणाशी बोललं हेच नाजूक असतं. तिथे सिग्नलच घ्या. घरच्यांसाठी मधला मार्ग चालतो : पाच-सात जवळची माणसं सिग्नलवर, बाकी जग जिथे आहे तिथे. पंचवीस जणांचा ग्रुप एकदम हलवायला गेलात तर बरेच लोक थोड्याच दिवसांत परत फिरतात. दोघा-तिघांपासून सुरुवात केलेली टिकते.

सिग्नल लावताना लोक तीन ठिकाणी अडतात. पहिली गोष्ट सूचनांची. बॅटरी वाचवण्यासाठी अ‍ॅप झोपवणाऱ्या फोनवर संदेश उशिरा येतात आणि दोष सिग्नलला दिला जातो. फोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, सिग्नल, बॅटरी असं जाऊन निर्बंध काढा. दुसरी, गोपनीयतेत फोन नंबरखाली 'नंबर कोणाला दिसावा' आणि 'नंबरवरून कोणाला सापडावं' असे दोन वेगळे पर्याय आहेत. पहिल्याला 'कोणालाही नाही' ठेवा. दुसराही तसाच ठेवलात तर घरच्यांनाही तुम्ही नंबरवरून सापडणार नाही, मग त्यांना यूजरनेम कळवावं लागतं.

तिसरी आणि महत्त्वाची, बॅकअप. फोन हरवला की जुने संदेश गेले, या तक्रारीमुळे अनेकांनी सिग्नल सोडलं होतं. २०२५ पासून सुरक्षित बॅकअप मिळतो : संदेशांसाठी १०० एमबी आणि गेल्या ४५ दिवसांचे फोटो-व्हिडिओ फुकट, १०० जीबीसाठी महिन्याला १.९९ डॉलर. त्याची किल्ली ६४ अक्षरांची असते. ती कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांत ठेवा. हरवली तर सिग्नललाही बॅकअप उघडता येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप ठेवणार असाल, तर तिथेही बॅकअपचं एन्क्रिप्शन स्वतः चालू करावं लागतं. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, त्यात एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप. आणि मेटाचं 'अकाउंट्स सेंटर' व्हॉट्सअ‍ॅपला जोडू नका. ते जोडलं, तर मेटाच्या इतर खात्यांवरची माहिती 'अपडेट्स'मधल्या जाहिराती निवडायला वापरली जाते. इथे 'नाही' म्हणायची सोय अजून शिल्लक आहे.