संत्र्याच्या बुंध्यावर डिंक: बोर्डो पेस्ट की मेटॅलॅक्झिल?

डिंक दिसला की लगेच मेटॅलॅक्झिल या औषधाचा पुडा आणू नका. आधी धारदार चाकूने सालीचा छोटा तुकडा काढून आतलं लाकूड बघा.

फायटोफ्थोरा या रोगजंतूचा डिंक्या (डिंक गळण्याचा रोग) बहुधा जमिनीलगत किंवा कलमाच्या जोडाजवळ सुरू होतो. साल ओलसर, तपकिरी होते, पण लाकडात रंग खोल जात नाही. पावसात डिंक धुऊन जातो, म्हणून श्रावणात झाड सुधारल्यासारखं वाटतं, फसू नका. डिप्लोडिया हा बुरशीचा रोग शेंड्याकडून खाली येतो: फांद्यांवर सल (वाळलेल्या काड्या), लाकडात काळपट पट्टे, वाळक्या सालीवर बारीक काळे ठिपके. फायटोफ्थोरा ही काटेकोरपणे बुरशी नाहीच. म्हणून तिच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक चालत नाही आणि डिप्लोडियावर मेटॅलॅक्झिल. डिप्लोडिया असेल तर सल निरोगी लाकडापर्यंत छाटा, कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा.

डिंक्याच निघाला, तर निरोगी झाडाला बोर्डो आणि जखमेला मेटॅलॅक्झिल. बोर्डो सालीवरच राहतं, आत शिरलेला रोग त्याने थांबत नाही. पण ते स्वस्त आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर, असं दोनदा बुंध्याला १ मीटरपर्यंत लावा. प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. मोरचूद रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत कापडी पुरचुंडीत टांगून विरघळवा. चुना वेगळा विझवून गाळा आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. पेस्टमध्ये बुडवलेल्या लोखंडी चाकूच्या पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. तशी पेस्ट साल भाजते. बहुतेक वेळा दोष हवेत पडून भुकटी झालेल्या चुन्याचा असतो. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

जखमेची तपकिरी साल निरोगी कडेपर्यंत खरवडा, लाकूड खोदू नका. १ टक्का पोटॅशियम परमँगनेटने धुवा, मग मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचा घट्ट मलम लावा. मुळंही कुजत असतील तर तेच औषध लिटरला २.५ ग्रॅम घेऊन आळ्यात ओता.

डिंक्यावरच्याच फोसेटिल या औषधाची फवारणी (लिटरला २.५ ग्रॅम) पानांतून मुळांपर्यंत उतरते, म्हणून पानगळ झालेल्या झाडावर ती वाया जाते. ताम्रयुक्त औषधात तर ती कधीच मिसळू नका, पानं करपतात.

बुंध्याला पाणी लागत राहिलं तर यातलं काहीच टिकत नाही. दुहेरी आळं करा: बुंध्याजवळचं आतलं कोरडं ठेवा, पाणी बाहेरच्यात द्या. नवी लागवड असेल तर जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाच्या खुंटावरची (खुंट म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते रोप), जोड जमिनीपासून निदान २५ सेंटिमीटर वर असलेली कलमं मागा.