लॅब्राडॉर महिनाभर ट्रेनिंगला ठेवला: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. पट्टा ओढणं गेलं, अंगावर उड्या मारणं बरंचसं गेलं, हाक मारली की येतो. पण बेल वाजली की घर डोक्यावर घेणं आणि आम्ही बाहेर पडलो की दाराशी बसून रडणं, यात तसूभरही फरक नाही. पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. तक्रार कुठली आहे ते बघून कुत्रा पाठवायचा की नाही ते ठरवावं, असं मात्र आता ठामपणे म्हणेन.

आमचा लॅब्राडॉर गुंड्या ट्रेनिंगला गेला तेव्हा दहा महिन्यांचा होता, वजन ३० किलो. आम्ही दोघं नोकरीला, त्यामुळे दुपारची फेरी सासूबाईंकडे. चिकनच्या दुकानासमोरून जाताना त्यांचा खांदा निखळायचाच काय तो बाकी होता. घरी येणारा ट्रेनर परवडला असता, पण संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्या माणसांनी रोज सराव कधी घ्यायचा? म्हणून मुळशीच्या बाजूचं एक फार्म ठरवलं. महिन्याचे ३५ हजार, खाणं धरून. फार्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा ठिकाणी सगळं त्या एका ट्रेनरवर अवलंबून असतं. तो सोडून गेला की पाटी तीच राहते आणि आतलं सगळं बदलतं.

जागा बघताना मी सगळीकडे एकच प्रश्न विचारला: कुत्रा चुकला की तुम्ही काय करता? एका ठिकाणी उत्तर आलं, ‘थोडं करेक्शन देतो, मॅडम,’ आणि खुंटीवरची चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, दाखवली. तिथून निघालो. दुसऱ्या ठिकाणचा ट्रेनर म्हणाला, ‘चुकला म्हणजे मी घाई केली. एक पायरी मागे येतो.’ तिथे ठेवला. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की चावऱ्या किंवा आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा बक्षीस देऊन शिकवण्याचीच पद्धत वापरावी, काटेरी किंवा शॉकचे पट्टे नकोत. आपल्याकडे कुणीही उद्या सकाळी ‘डॉग ट्रेनर’ अशी पाटी लावू शकतो. तेव्हा हा प्रश्न आपणच विचारायचा.

व्हॉट्सॲपवर रोज व्हिडिओ यायचे. गुंड्या बसतोय, थांबतोय, शेजारून दुसरा कुत्रा गेला तरी ढिम्म. नवरा ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरायचा. माझ्या हळूहळू लक्षात आलं की हिरवळ तीच, वेळ तीच, माणूस तोच आणि क्लिप वीसेक सेकंदांची. मग मी न जमलेल्या गोष्टींचे व्हिडिओ मागितले. ट्रेनरने कुरकुर न करता पाठवले, आणि माझा त्याच्यावरचा विश्वास त्यामुळेच वाढला.

आणायला गेलो तेव्हाचं नीट सांगते. ट्रेनरदादांबरोबर गुंड्या असा चालत होता की आमचाच का, असं वाटावं. मग पट्टा माझ्या हातात दिला. मी ‘सिट’ म्हटलं, तो बसला, पण माझ्या तोंडाकडे बघेना. माझ्या कमरेकडे बघत होता. दादांच्या कमरेला लिव्हरच्या तुकड्यांची पिशवी असायची, माझ्या कमरेला नव्हती. दुसऱ्यांदा सांगितलं तर उठून सरळ दादांकडे गेला. ‘ताई, तो मला शिकलाय, आता तुम्हाला शिकायचाय,’ दादा हसत म्हणाले. घरी लिफ्टमध्ये शिरलो तर ‘सिट’ हा शब्द आयुष्यात पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा!

हा काही त्याचा आगाऊपणा नव्हता. कुत्रा नुसती कृती शिकत नाही. जागा, माणूस, वास, वेळ यांच्यासकट ती त्याच्या डोक्यात बसते. त्यामुळे फार्मवर पक्कं झालेलं लिफ्टमध्ये, गेटवर, चिकनच्या दुकानासमोर पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागतं. फरक इतकाच की पाया असल्यामुळे ते भराभर होतं. सासूबाईंना यासाठी दादांनी घरी येऊन वेगळे धडे दिले. माझ्या मते त्या महिन्याभरापेक्षा याच धड्यांनी जास्त काम केलं. पॅकेजमध्ये नंतरच्या घरच्या भेटी नसतील, तर मी तरी तिथे कुत्रा ठेवणार नाही.

आता न गेलेल्या तक्रारी. एकटं राहिलं की रडणं फार्मवर सुटणं शक्यच नव्हतं, कारण तिथे तो एकटा कधी नव्हताच. आजूबाजूला कुत्री, माणसं, दिवसभर राबता. ‘इथे तर एकदम शांत असतो’ हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि आमच्या काही उपयोगाचं नव्हतं. बेलचंही तसंच: आमची बेल, आमचं दार, दाराबाहेरचा आमचा डिलिव्हरीवाला. घरात शी-शू करणं, ताटलीजवळ कुणी आलं की गुरगुरणं, हेही त्याच जातीचं. जिथलं दुखणं तिथेच औषध. आणि गुरगुरण्यासाठी तर ट्रेनरच्या आधी डॉक्टर, कारण कान किंवा सांधा दुखत असला तरी कुत्रा गुरगुरतो.

माझ्या नाशिकच्या बहिणीची देशी कुत्री आहे, रस्त्यावरून आणलेली. अनोळखी पुरुष दिसला की पलंगाखाली. गुंड्याची प्रगती बघून बहीणही तिला पाठवायला निघाली होती. मी नको म्हटलं. भित्रं कुत्रं अनोळखी जागी नेलं की पुष्कळदा गोठून गप्प बसतं, आणि व्हिडिओत ते शहाणं झाल्यासारखं दिसतं. शेपूट पायात, कान मागे, सारखं ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, हे दिसलं तर ते शिकणं नव्हे. चार महिन्यांच्या आतलं पिल्लूही मी पाठवणार नाही. लसी पूर्ण झालेल्या नसतात, आणि तुमच्या घरातल्या मिक्सरची, कुकरच्या शिट्टीची, पोराटोरांची सवय होण्याचं तेच वय असतं.

तब्येतीचं थोडक्यात. रेबीज आणि नेहमीच्या लसी झालेल्या होत्याच, केनेल कफची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची, आम्ही मुद्दाम दिली. गोचिडांचं औषधही दिलं होतं. तरी परत आल्यावर दुसऱ्या आठवड्यात गुंड्याने जेवण सोडलं. लॅब्राडॉरने जेवण सोडणं म्हणजे काय, हे ज्यांच्याकडे लॅब आहे त्यांना सांगायला नको. रक्त तपासलं तर प्लेटलेट कमी, गोचीड ताप. डॉक्सीसायक्लिनवर बरा झाला. गोचीड फार्मवरची होती की आमच्या सोसायटीतली, देव जाणे. चावल्यानंतर लक्षणं दिसायला आठ दिवसांपासून तीन आठवडे लागू शकतात, त्यामुळे घरी आल्यावर महिनाभर खाण्यावर, हिरड्यांच्या रंगावर आणि अंगातल्या तापावर लक्ष ठेवा.

मध्यंतरी फार्मवरून ‘रिफ्रेशर’साठी दहा दिवस पाठवा असा फोन आला होता. नाही म्हटलं. त्याच पैशांत आता ट्रेनर रविवारी घरी येतो. सध्या बेल वाजली की गुंड्याने चटईवर जाऊन बसायचं, हे चालू आहे. नवरा बाहेर उभा राहून बेल वाजवतो, मी आत तुकडे घेऊन. कुरिअरवाल्याने वाजवली तर मात्र अजून चटई आठवत नाही.