डेअरीवर सोलर गरम पाण्याची सिस्टीम, दोन वर्षं वापरून झाल्यावर (५ पैकी ३.५)

आमची छोटी डेअरी आहे संगमनेरच्या बाजूला, दिवसाला दहा-बारा हजार लिटर दूध, पाउच आणि थोडं दही-ताक. बॉयलर ब्रिकेटवरचा (शेतातला काडीकचरा, भुसा दाबून केलेलं जळण), तासाला ६०० किलो स्टीमवाला. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत टेरेसवर सोलर बसवलं आणि तेव्हापासून आठवड्यातून एखादा तरी फोन येतो की कसं चाललंय, घेऊ का, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

आधी एक गोष्ट. सोलर म्हटलं की लोक पहिलं विचारतात किती किलोवॅटचं, मीटर उलटा फिरतो का. हे ते नाहीये. वीज बनतच नाही, ऊन थेट पाण्यात जातं, घरावरच्या सोलर बंबाचा मोठा भाऊ समजा. २८ फ्लॅट प्लेट पॅनल, प्रत्येकी २ चौरस मीटर, ३००० लिटरची इन्सुलेटेड टाकी, मध्ये प्लेट हीट एक्सचेंजर (पातळ प्लेटांच्या एका बाजूचं गरम पाणी दुसऱ्या बाजूचं पाणी तापवतं, दोन्ही मिसळत नाहीत), दोन छोटे पंप आणि एक कंट्रोलर. स्ट्रक्चर-पाइपिंग धरून ६ लाख गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, माल चांगला आहे पण सर्व्हिसबद्दल खाली बोलणार आहे आणि अजून त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचंय.

पहिले चार महिने सिस्टीम फुकट पडल्यात जमा होती. चूक अर्धी त्यांची, अर्धी माझी. सेल्सवाला आला, बॉयलर केवढा विचारलं, कागदावर गुणाकार केला, म्हणाला सर फीड वॉटर, म्हणजे बॉयलरमध्ये जाणारं पाणी, आपण सोलरनी तापवून देऊ, ब्रिकेट एवढी वाचेल. मला पण पटलं. आता गंमत अशी की आमचं कंडेन्सेट बऱ्यापैकी परत येतं, स्टीमचं पाणी होऊन ७५-८० डिग्रीलाच फीड टँकमध्ये पडतं, त्यामुळे दिवसाला नवीन पाणी लागतं फार तर ७००-८०० लिटर. आणि वर टाकी बांधली ३००० ची! पाणी उपसलंच जात नाही म्हटल्यावर ते तापत राहिलं, एप्रिलात टाकीचा काटा ९० च्या पुढे. एका सोमवारी सकाळी बॉयलरवाले काका ऑफिसात आले, "शेठ, फीड पंपात खडे गेल्यासारखं वाजतंय." जाऊन बघतो तर खरंच कडकड आवाज आणि प्रेशर गेज थरथरतंय. पाणी एवढं गरम की पंपाच्या तोंडाशीच त्याची वाफ होत होती, त्यात आमचा फीड टँक जमिनीलगत, वरून दाब म्हणून काही नाही. तासभर थांबून गार पाणी सोडलं तेव्हा कुठे पंपाने उचललं, तोवर बॉयलर बंद आणि टँकर दारात उभा.

मग कंपनीला बोलवलं तर म्हणाले फीड वॉटरला द्यायचं असंच ठरलं होतं सर, पुढची पाइपिंग आमच्या स्कोपमध्ये नाही. शेवटी गावातल्या फिटरला धरून ४० हजार घालून लाइन बदलली आणि सोलरचं पाणी सीआयपीला (टाक्या-पाइप न खोलता जागेवरच धुणं) आणि क्रेट वॉशरला नेलं. हेच पहिल्या दिवशी करायला हवं होतं. डेअरीत सगळ्यांना वाटतं उष्णता पाश्चरायझर खातो, पण ७२ डिग्रीला १५ सेकंद धरलेलं दूध बाहेर जाता जाता येणाऱ्या गार दुधालाच तापवतं, तिथे वरून द्यावी लागते थोडीच. खरं गरम पाणी जातं धुण्यात. क्रेट ५५-६० ला धुतले जातात, कॅन, टँकर, टाक्या, पाइप, सगळं दिवसातून दोनदा. धुण्याच्या कॉस्टिक सोड्याला ७५ लागतं, तिथे सोलर ६५ पर्यंत आणून देतं आणि वरचं स्टीम ओढतं. आता काका क्रेट वॉशरची स्टीमची चावी उन्हाळ्यात उघडतच नाहीत.

हिशोब सांगतो कारण फोनवर सगळे तेच विचारतात. ३००० लिटर पाणी २५ वरून ६५ ला न्यायचं म्हणजे १ लाख २० हजार किलोकॅलरी. ब्रिकेट आणि आमच्या बॉयलरचा उतारा धरला तर साधारण ४३ किलो ब्रिकेट, ८ रुपयांनी रोजचे ३५० च्या आत-बाहेर. चांगल्या उन्हाचे २५० दिवस धरा, वर्षाला ८५ हजार. म्हणजे ६ लाख वसूल व्हायला सात वर्षं! सेल्सवाल्याने तीन सांगितली होती. आता हेच पाणी कोणी डिझेलवर तापवत असेल तर रोज १७ लिटर डिझेल वाचतं, त्याचं गणित दोन वर्षांच्या आत बसतं. आमच्या ओळखीचे एक पनीरवाले डिझेलवर आहेत, त्यांना मी डोळे झाकून घे म्हणालो. ब्रिकेट, लाकूड किंवा बगॅस स्वस्तात मिळत असेल तर मात्र दहादा विचार करा, सोलरवर ४० टक्के घसारा मिळून टॅक्स वाचतो या सीएच्या गोष्टीवर लगेच भाळू नका.

डिश, म्हणजे ऊन एका जागी गोळा करणाऱ्या आरशांच्या मोठ्या थाळ्या, का नाही घेतल्या हा दुसरा प्रश्न. शिर्डी आम्हाला जवळ, प्रसादालयावरच्या ७३ शेफलर डिश बघून आलो होतो, प्रत्येकी १६ चौरस मीटर, २००९ पासूनच्या. उन्हाला तोंड करून त्या रांगेत फिरतात आणि त्यावर वाफ होऊन भात-डाळ शिजते, बघायला भारीच वाटतं. लातूरला महानंदच्या डेअरीत तर १६० चौरस मीटरची एकच 'अरुण' डिश पाश्चरायझेशनसाठी बसवली होती, मुंबई आयआयटीतल्या संशोधनातून आलेली. पण डिशला थेट ऊन लागतं, ढगातून झिरपलेला उजेड तिला चालत नाही, आणि सूर्यामागे फिरवायची यंत्रणा आली की ती सांभाळणारा माणूस आला. ज्याला १५० डिग्रीची वाफ हवी त्याने जरूर बघावं. मला क्रेट धुवायला ६५ पुरे, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला. फ्लॅट प्लेट ढगाळ दिवशीही थोडंफार देतं, जुलै-ऑगस्टमध्ये आमचं पाणी ४० च्या आसपास येतं, पुढचं स्टीमवर.

पॅनलऐवजी काचेच्या ट्यूबवालं सोलर स्वस्त पडत होतं पण आमच्या बोअरचं पाणी म्हणजे किटलीत पण पांढरा थर धरतो. काचेच्या ट्यूबमध्ये तो गाळ तळाला बसतो, आणि एक ट्यूब फुटली की टाकीच रिकामी. आमच्याकडे पॅनलमध्ये सॉफ्टनरचं, म्हणजे क्षार काढलेलं, तेच ते पाणी फिरतं, बोअरचं पाणी फक्त एक्सचेंजरच्या दुसऱ्या बाजूने जातं, तिथे क्षार बसतातच पण प्लेटा खोलून धुणं पोरांना पाश्चरायझरमुळे पाठ आहे. टाकीचं इन्सुलेशन मात्र एक नंबर, संध्याकाळी ६६ असलेलं पाणी सकाळी सहाला ६२-६३, आणि आमची मोठी धुलाई रात्री दहाला आणि पहाटे असल्यामुळे याच्यावरच सगळं अवलंबून आहे.

धूळ हा रोजचा प्रकार, उसाच्या गाड्या सुरू झाल्या की पॅनल दोन दिवसात मातकट. रविवारी पहाटे धुतो, दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही एवढं पोरांना बजावून ठेवलंय.

आणि सर्व्हिस. पहिल्या पावसाळ्यात पॅनलवरचा सेन्सर गेला, कंट्रोलरला वाटलं वर थंडी आहे, पंप सुरूच होईना. अकरा दिवस फोन, व्हॉट्सॲप, "उद्या इंजिनिअर निघतोय सर". तो उद्या आलाच नाही, शेवटी फिटरने पंप डायरेक्ट करून दिला आणि आम्ही सकाळी नऊला चालू, साडेचारला बंद असं हाताने चालवलं. नंतर कळलं सेन्सर बाजारात पाचशे-सहाशेला मिळतो. आता दोन आणून ड्रॉवरमध्ये ठेवलेत.

पुढच्या महिन्यात एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपतेय, या वेळी किती तासात माणूस येणार ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय चेक फाडणार नाही. कोणाला बघायला यायचं असेल तर दुपारी तीननंतर या, सकाळी टाकी रिकामी झालेली असते आणि मग तुम्ही म्हणाल काहीच तापत नाही.