कोर्टाच्या नावानं विकलेला कागद आणि एका पोराला लागलेला बोल

माझ्या भाचीचं जमत आलेलं लग्न मी एका खोट्या अहवालावर मोडलं. पैसे गेले 20,999. ते परत कमवता येतील. पण माझ्या तोंडातून एका निर्दोष पोराच्या नावाला बट्टा लागला, त्याची भरपाई कशी करायची हे मला अजून उमगलेलं नाही. लग्नसराई तोंडावर आहे, घरोघरी स्थळं बघणं चाललंय आणि तसल्या जाहिराती आजही मोबाईलवर येतायत. म्हणून घडलं ते जसंच्या तसं लिहितोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. मेहुणे गेल्यापासून धाकट्या बहिणीच्या घरचं मीच बघतो. स्थळ गडहिंग्लज तालुक्यातलं, मुलगा चाकणला कंपनीत. पोरीला पसंत होता, याद्या करायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. बहीण म्हणाली, "दादा, एकदा बघून घे रे. पोरगं बाहेरगावी राहतंय, काय भानगड असली तर आत्ताच कळू दे."

त्याच रात्री जाहिरात दिसली. महाराष्ट्रातल्या सगळ्या कोर्ट केसेस, अटक आणि पोलीस रेकॉर्ड, 24 तासांत अहवाल, 2,499 रुपये. फोन केला तर माणूस शुद्ध, अदबीनं बोलणारा. म्हणाला, "साहेब, तुमच्याकडं आता सर्किट बेंच सुरू झालंय ना, त्यामुळं सगळा रेकॉर्ड कोल्हापुरातच आलाय. आमची माणसं आत आहेत." मला ते पटलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या बेंचसाठी आपल्या वकिलांनी आणि लोकांनी चाळीसेक वर्षं लढा दिला, ते 18 ऑगस्ट 2025 पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालेलं. आनंद ताजा होता, त्यामुळं त्याचं बोलणं खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, खाली जांभळा गोल शिक्का, आणि मध्ये मुलाचं नाव, आडनाव आणि ‘फसवणूक, पुणे जिल्हा, प्रलंबित’. शिक्क्यात ‘न्यायालय’ हा शब्द ‘न्यायलय’ असा होता. ते मी पाहिलं होतं, पण त्या घडीला माझं डोकं ‘फसवणूक’ या एकाच शब्दावर अडकलं होतं. एफआयआरची प्रत हवी तर 6,500, कोर्टाची सही-शिक्क्याची नक्कल हवी तर 12,000. दोन्ही भरले. एफआयआर म्हणून जे आलं त्यात अर्धी पानं काळी केलेली, ‘गोपनीय’ म्हणून. नक्कल आलीच नाही, आणि तिसऱ्या दिवसापासून फोन बंद.

तरीही मला संशय आला तो माणूस पैसे घेऊन पळाला इतकाच. केस खोटी असेल हे मनातच आलं नाही. मी मध्यस्थांना फोन करून सांगितलं, "पोरावर पुण्यात केस आहे, आम्हाला जमणार नाही." संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा फोन आला. चढा आवाज नाही, काही नाही. "पाव्हणं, आमच्यात काय कमी दिसलं तेवढं तोंडावर सांगा." मी काहीच बोललो नाही. फोन ठेवला.

आठवड्यानं शेजारच्या वकीलताईंना भेटायला कसबा बावड्याच्या कोर्टात गेलो, ते पैसे परत मिळतील का विचारायला. त्यांनी पीडीएफ बघितली, आपल्या मोबाईलवर ई-कोर्ट्स सर्व्हिसेसचं, म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणारं सरकारी ॲप उघडलं आणि अहवालातला सीएनआर नंबर टाकला. सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो हा, प्रत्येक केसचा स्वतःचा. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, शेवटचे चार आकडे वर्ष. केस उघडली. खरीच होती ती. नाव तेच, आडनाव तेच, पण वडिलांचं नाव वेगळं. अहवाल करणाऱ्यानं मधलं नाव तेवढं उडवलं होतं.

ताई म्हणाल्या, "काका, पाटील-जाधव-कांबळे घ्या आणि एखादं चालू नाव त्याला जोडा. अख्ख्या राज्यात शंभर जण निघतील. नावानं केस सापडते, माणूस सापडत नाही. वडिलांचं नाव, पत्ता, वकील, हे जुळवल्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नसतं."

हे बघायला एक रुपया लागला नाही. ई-कोर्ट्सवर पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून कुणीही शोधू शकतो. फक्त एकेक जिल्हा, एकेक न्यायालय संकुल निवडून बघावं लागतं. सगळं राज्य एका बटणावर देतो म्हणणाऱ्याचं खोटं तिथंच पकडता आलं असतं. शिवाय सर्किट बेंच हे उच्च न्यायालयाचं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची उच्च न्यायालयातली कामं तिथं चालतात. पुणे त्यात नाहीच. तालुका आणि जिल्हा कोर्टांचा रेकॉर्ड ज्याच्या त्याच्या कोर्टातच आहे. नक्कल तिथल्याच नक्कल विभागात अर्ज देऊन, फी भरून मिळते, आणि त्रयस्थानं मागितली तर कशाला हवी तेही सांगावं लागतं. व्हॉट्सॲपवर येत नाही.

पोलिसांचंही तसंच. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर एफआयआर ऑनलाइन टाकल्या जातात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणे आणि तारीख निवडून त्या फुकट वाचता येतात. लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील तक्रारी तेवढ्या वगळलेल्या असतात. अटक झालेल्यांची नावं फलकावर लावायची तरतूद कायद्यातच आहे. आणि एफआयआर झाली म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नव्हे, हे मी आजवर ऐकत आलो होतो, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा विसरलो. जे उघड आहे ते फुकट आहे, जे उघड नाही ते विकत देणारा माणूस एकतर गुन्हा करतोय किंवा खोटं बोलतोय.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. चारित्र्य पडताळणीचा दाखला मुलगा स्वतः अर्ज करून काढू शकतो, मला तो त्याच्या परस्पर काढता येत नाही. मी सरळ म्हणालो असतो, "पाव्हणं, आमची पोरगी बापाविना वाढलीय, मनाची खात्री म्हणून तेवढा दाखला काढा, आम्हीही आमच्या घरचं काय हवं ते दाखवतो," तर त्यांनी नाही म्हटलं नसतं. चोरून बघायला गेलो.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर नऊ दिवस उलटले होते. खात्यातून पैसे केव्हाच पुढं गेले होते. तिथल्या बाईंनी विचारलं, "त्याच दिवशी का नाही केला फोन?" कारण त्या दिवशी माझं लक्ष पैशावर नव्हतं, मुलावर होतं.

मागच्या रविवारी बहिणीला घेऊन गडहिंग्लजला जाऊन आलो. भाची आली नाही. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, माझं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन वही आणि पेन आणलं. "तुम्ही सांगितलं ते गावभर झालंय. आता लिहून द्या."

मी लिहून दिलं. मुलाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि त्याच्यावर अशी कुठलीही केस नाही, मी चुकीचं बोललो, म्हणून. खाली सही, तारीख. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, पान अलगद फाडून घेतलं आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून माझ्यासमोरच मध्यस्थांना पाठवला.