चिचेन इत्झा: दोन दिवस, दोन गाइड

चिचेन इत्झा हे मेक्सिकोतलं माया लोकांचं प्राचीन नगर पाहायचं असेल तर जवळच्या बायादोलिद गावात मुक्काम करा, सकाळी आठला फाटक उघडताना हजर राहा आणि फाटकावरच परवाना असलेला गाइड घ्या. आम्ही मायलेकींनी २० मार्च २०२५ ला, ऐन विषुवाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी, कानकुनहून निघणारी एक 'आत्मजागृती सहल' घेतली. दुसऱ्या दिवशी पदरचे पैसे घालून पुन्हा तिथेच गेलो. एकाच जागेचे असे दोन अनुभव कुणाच्या वाट्याला सहसा येत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मी कुठून बोलतेय ते सांगते. अकोल्याच्या वेधशाळेत निरीक्षक म्हणून माझी नोकरी झाली. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, कोरडा थर्मामीटर, ओला थर्मामीटर, पर्जन्यमापक, वाऱ्याची दिशा, आणि मग रजिस्टर. २०१२ च्या डिसेंबरात आमच्या ऑफिसात लोक फोन करून विचारत होते की २१ तारखेला नक्की काय होणार. माया लोकांचं कॅलेंडर त्या दिवशी संपतं, एवढंच सगळ्यांनी ऐकलेलं. एक बाई फोनवर रडत होत्या, त्यांचा मुलगा दूर शिकायला होता. त्या सकाळीही मी साडेआठला रीडिंग घेतलं. ते रीडिंग घेताना मनात एक प्रश्न आला, तो बारा वर्षं तसाच राहिला. ज्यांनी हे कॅलेंडर केलं, त्यांनी खरंच असं काही म्हटलं होतं का? लेक नोकरीसाठी मेक्सिकोत ग्वादालाहाराला गेली आणि "आई, तू ये, आपण तिथे जाऊ" म्हणाली, तेव्हा मी हो म्हणायला एक क्षणही घेतला नाही.

पहिला दिवस. बस वेळेवर आली, एसी चांगला होता, चालक सांभाळून चालवणारा होता. मात्र कानकुन आहे किंताना रो राज्यात आणि चिचेन इत्झा युकातानमध्ये, दोन्हींच्या घड्याळात एका तासाचा फरक. युकातान एक तास मागे. हे आम्हाला कुणीच सांगितलं नाही, त्यामुळे परतीच्या वेळेचा शेवटपर्यंत गोंधळ उडाला. तिथे गेल्यावर तिकिटाच्या दोन खिडक्या असतात, एक राज्य सरकारची, एक केंद्राच्या पुरातत्त्व संस्थेची. सहलीत तिकीट धरलेलं असलं तरी रांग चुकत नाही, आणि विषुवाला ती रांग फार लांब असते. इतकं सगळं होऊन आवारात आम्हाला मिळाला दीड तास.

त्या दीड तासातला बराच वेळ डोळे मिटून श्वास मोजण्यात गेला. ध्यानाला माझा विरोध नाही, मी रोज बसते. आमच्यासोबत एक वयस्कर बाई होत्या, त्यांचे यजमान मागच्याच वर्षी गेले होते. श्वासाच्या त्या वीस मिनिटांनी त्यांना बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. ते खोटं नव्हतं आणि मी त्याला खोटं म्हणणार नाही. माझी तक्रार त्यानंतर जे सांगितलं गेलं त्याबद्दल आहे.

गाइड म्हणाला, २१ डिसेंबर २०१२ ला सूर्य आकाशगंगेच्या मध्याशी एका रेषेत आला आणि नव्या जाणिवेचं दार उघडलं. आता हिशेब असा आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्याचं एक आवर्तन पुरं व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे डिसेंबरातल्या अयनाचा, म्हणजे सर्वांत लहान दिवसाचा, सूर्य हळूहळू आकाशगंगेच्या मध्यरेषेवर सरकत येतो. तो तिच्या सर्वांत जवळ होता १९९८ च्या सुमारास. पण सूर्याची तबकडीच अर्ध्या अंशाची आहे, म्हणून ती रेषा ओलांडायलाच तिला छत्तीसेक वर्षं लागतात. एक ठरावीक सकाळ त्यात नाहीच. या जागृतीच्या कल्पनेला जोर आला तो १९८७ मध्ये, १६ आणि १७ ऑगस्टला होसे आर्ग्वेयेस यांनी जगभर सामूहिक ध्यान घडवून आणलं तेव्हापासून. ती विसाव्या शतकातली कल्पना आहे, विसाव्या शतकातली म्हणूनच सांगावी.

मग माझ्या कपाळाची टिकली पाहून तो म्हणाला, तुमचं कलियुग आणि आमचं महाचक्र एकाच वेळी सुरू झालं, हा पुरावा आहे! बसमध्ये टाळ्या पडल्या. मी गप्प बसले, पण रात्री झोप लागेना. त्या महाचक्राचा, म्हणजे मायांच्या दिवस मोजण्याच्या दीर्घगणनेचा, आरंभ आपल्या पद्धतीनं इसवी सनापूर्वी ३११४ च्या ऑगस्टात येतो आणि कलियुगाचा ३१०२ च्या फेब्रुवारीत. साधारण साडेअकरा वर्षांचा फरक. आर्यभटानं स्वतःच लिहून ठेवलंय की युगाची ३,६०० वर्षं झाली तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. म्हणजे इसवी सन ४९९ मध्ये बसून ग्रहांचं गणित मागे नेत तो त्या आरंभापाशी पोचतो. आपलं कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यांचं चक्र ५,१२५ वर्षांचं. दोन ठिकाणच्या दोन माणसांनी आपापल्या आकाशाचा हिशेब मागे नेला, एवढं मला पुरेसं थोर वाटतं. त्यात पुरावा कशाचा शोधायचा?

सर्वांत लागलं ते वेगळंच. दुपारी तीनला, म्हणजे विषुवाला पिरॅमिडच्या जिन्यावर ऊन-सावलीचा जो नाग उतरताना दिसतो तो उतरायच्या आधी, त्यांनी आम्हाला बसमध्ये बसवलं. ज्या गोष्टीसाठी तो दिवस निवडला होता, ती न पाहता आम्ही निघालो. त्यातच माइकवर सांगणं चालू होतं की माया लोक रहस्यमयरीत्या नाहीसे झाले. खिडकीबाहेर रस्त्याकडेला बायका आपसांत माया भाषेत बोलत फळं विकत होत्या. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत साडेसात लाखांहून अधिक लोकांनी युकातानची माया ही आपली भाषा सांगितली आहे. आम्ही लेकीच्या आग्रहानं बायादोलिदलाच उतरलो.

दुसरा दिवस, शुक्रवार, २१ मार्च. फाटकावर गळ्यात परवाना घातलेल्या एका गृहस्थांशी बोलणं केलं. पन्नाशीचे असतील, पिस्ते गावचे. दोघींचे मिळून १,५०० पेसो ठरले. बससहलीला याच्या दुपटीहून जास्त गेले होते. ते स्पॅनिशमध्ये बोलत आणि लेक मला सांगत जायची, पण थोड्या वेळानं मध्ये कुणी लागेनासं झालं, कारण त्यांनी काडी घेऊन जमिनीवर लिहायला सुरुवात केली. ठिपका म्हणजे एक. आडवी रेघ म्हणजे पाच. शिंपला म्हणजे शून्य. किन म्हणजे एक दिवस, वीस किनांचा एक विनाल, अठरा विनालांचा तुन, वीस तुनांचा कातुन, वीस कातुनांचा बाक्तुन. बाक्तुन म्हणजे १,४४,००० दिवस. असे तेरा बाक्तुन, १८,७२,००० दिवस, २१ डिसेंबर २०१२ ला पुरे झाले. "मग?" मी विचारलं. त्यांनी पायानं माती सारखी केली आणि पुढचा दिवस लिहिला, बाक्तुनापासून किनापर्यंत: १३.०.०.०.१.

मग आजचा लिहिला: १३.०.१२.७.१३. मी हातावर हिशेब करून पडताळला. २१ डिसेंबर २०१२ पासून ४,४७३ दिवस. बरोबर होता.

ते म्हणाले, २०१२ चा उल्लेख कोरलेला एक शिलालेख ताबास्को राज्यात तोर्तुगेरोला सापडला. त्यात तेरावा बाक्तुन पुरा होण्याचं आणि एका देवाचं नाव आहे, शेवटचा भाग फुटलेला आहे. पण पालेंके या दुसऱ्या माया नगरातल्या मंदिरात तिथल्या पाकाल राजाच्या राज्यारोहणाची आठवण इसवी सन ४७७२ पर्यंत पुढे नेऊन कोरलेली आहे. ज्यांना जग २०१२ ला संपणार असं वाटतं, ते ४७७२ ची तिथी कशाला काढून ठेवतील! फोनवर रडणाऱ्या त्या बाई मला तिथे आठवल्या. हे एक वाक्य तेव्हा माझ्याकडे असायला हवं होतं.

'किन' शब्दाचा अर्थ विचारला तर ते आधी वर सूर्याकडे बोट दाखवून म्हणाले किन, मग जमिनीवरच्या ठिपक्याकडे दाखवून म्हणाले किन. सूर्य आणि दिवस दोन्हींना एकच शब्द. मी लेकीला म्हटलं, त्यांना सांग, आमच्याकडेही दिवस उगवतो आणि दिवस मावळतो. तिनं सांगितल्यावर ते मोठ्यानं हसले आणि मला दोन्ही शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावले.

पिरॅमिडबद्दल थोडक्यात. चारही बाजूंना ९१ पायऱ्या, वरच्या मंदिराची एक, मिळून ३६५. वर चढायला आता बंदी आहे, आणि असायलाच हवी. समोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पाखराच्या आवाजासारखा प्रतिध्वनी येतो. चेंडूच्या खेळाचं मैदान १६८ मीटर लांब आहे, ते पाहाच. आवारात विक्रेते पुष्कळ, सावली कमी, टोपी आणि पाणी घ्या.

आता वेधशाळा. तिला एल काराकोल म्हणतात, आतला जिना गोगलगाईसारखा वळत जातो म्हणून. गोल इमारत, वरचा अर्धा भाग पडलेला, आत जाता येत नाही, दोरीबाहेरूनच पाहायचं. काल बसवाल्यांनी ती आम्हाला दुरून दाखवली होती. या गृहस्थांनी तिथे पाऊण तास घालवला. शुक्र उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जास्तीत जास्त जिथवर सरकून मावळतो, त्या दिशा वरच्या खिडक्यांतून धरलेल्या आहेत, असं अभ्यासक मानतात. आठ वर्षांत शुक्राच्या पाच फेऱ्या होतात. जर्मनीत ड्रेस्डेनला जपलेल्या माया पोथीत याचं कोष्टक आहे: पहाटेचा तारा २३६ दिवस, अदृश्य ९०, संध्याकाळचा तारा २५०, अदृश्य ८. बेरीज ५८४. अशा ६५ फेऱ्या म्हणजे ३७,९६० दिवस, बरोबर ३६५ दिवसांची १०४ वर्षं. खरी फेरी सरासरी ५८३.९२ दिवसांची, म्हणजे एवढ्या काळात चूक पडते पाच दिवसांची. आणि ती पडते हे त्यांना ठाऊक होतं, पोथीत दुरुस्तीचे आकडे आहेत! मी तिथे दगडावर बसून राहिले. १०४ वर्षांत पाच दिवसांची चूक पकडायची तर एका माणसाचं आयुष्य पुरत नाही. आजोबानं लिहिलेलं नातवानं वाचायला हवं, त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवायला हवा आणि तरीही स्वतः पाहायला हवं. दुर्बीण नाही, काच नाही, पावसाळ्यात महिनोन्महिने ढग. आमच्या रजिस्टरात एका दिवसाचं रीडिंग राहिलं तर ती रिकामी चौकट वर्षभर डोळ्यांत सलायची.

नंतर ते १२ जुलै १५६२ बद्दल बोलले. मानी गावात दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूनं मायांच्या पोथ्या जाळल्या. आज अशा चारच पोथ्या उरल्या आहेत. गंमत नाही, वेदना आहे की माया कालगणनेबद्दल पुष्कळसं आपल्याला याच लांदाच्या लिखाणातून कळतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र पुढचं काही वेळ ऐकू आलं नाही. किती रजिस्टरं गेली त्यात, किती पहाटा.

दुपारी साडेतीननंतर गर्दीत उभ्या राहून आम्ही नाग पाहिला. उत्तरेच्या जिन्याच्या कठड्यावर उजेडाचे त्रिकोण एकामागून एक उमटत खाली दगडी मस्तकापर्यंत आले. सुंदर आहे, अंगावर काटा येतो. गाइडनी आधीच सांगितलं होतं की हा देखावा विषुवाच्या मागेपुढेही बरेच दिवस दिसतो, त्यामुळे तो मुद्दाम त्याच दिवसासाठी बांधला का, यावर अभ्यासकांत वाद आहे. "लोक मार्चच्या नागासाठी येतात," ते म्हणाले, "पण सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी या." म्हणजे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैत. तेव्हा मला लख्ख आठवलं की अकोला २०.७ अक्षांशावर आणि हेही तिथेच. आमच्या अंगणात काठी रोवून मी जी शून्य सावली बघते, ती त्यांच्या अंगणातही साधारण त्याच तारखेला पडते. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून छातीशी धरली.

जागृतीबद्दल मी त्यांना विचारलंच. ते म्हणाले, ग्वातेमालाच्या डोंगरांत किचे लोकांमध्ये दिवस मोजणारे अजून आहेत, २६० दिवसांची गणना आजही चालू आहे, त्यांच्यासाठी प्रत्येक दिवसाला चेहरा असतो, उठून त्याला नमस्कार करावा लागतो. त्या गणनेत आजचा दिवस ५ बेन. एवढंच बोलून ते तिकिटाच्या खिडकीकडे, पुढच्या पाहुण्यांकडे गेले.

उणीव सांगायची तर एकच. ते उन्हातून फार चालवतात. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, बसायच्या जागा त्यांना माहीत आहेत. एरवी पाच पैकी पाच. बससहलीला दोन, तेही चालकासाठी आणि त्या बाईंच्या चेहऱ्यासाठी.

निघताना मी शुक्राबद्दल विचारलं होतं. फेब्रुवारीभर अकोल्याच्या गच्चीवरून शुक्राची चांदणी संध्याकाळी नुसती झळकत होती, आणि बायादोलिदला दोन्ही संध्याकाळी शोधूनही मिळाली नाही. ते म्हणाले, या आठवड्यात तो सूर्याजवळ आहे, पोथीतले आठ दिवस. नंतर पहाटे बघा.

ग्वादालाहाराला परतल्यावर रोज पहाटे उठून गच्चीवर जात होते. ३० मार्चला पाडवा होता, लेक खाली गुढीची तयारी करत होती. वहीत त्या दिवशीची नोंद आहे: १३.०.१२.८.२. पूर्व क्षितिज स्वच्छ. वारा नाही. शुक्र दिसला, ६ वाजून २२ मिनिटं.